पाणी तिचं, झाडं त्याची

कनकलता कोले ही बाई माशाचा घास तोंडी घालत नव्हती, आणि बंगालातल्या आमच्या बेलेडांग्यात तिच्याइतके चांगले मासे दुसऱ्या कुणी पोसले नाहीत. ऐन तिशीत कुंकू पुसलं गेलं त्याच दिवशी तिची मासळी सुटली. आमच्याकडे विधवेचं असंच. बिनकाठाचं पांढरं लुगडं, एक वेळचा भात, वेगळी चूल, आणि मासळीचं नाव काढायचं नाही. ज्या हातांनी ती सकाळी फडफडणारा रोहू जाळ्यातून काढून टोपलीत टाकायची, तेच हात दुपारी आंघोळ करून उकडलेलं कच्चं केळं नि मुगाची डाळ कालवायचे. कुणी हळहळलं तर म्हणायची, हलवायाला कधी जिलबी खाताना बघितलंय का? आणि हसायची. तेव्हा हसरी होती.

तळं तिच्या वाट्याला कसं आलं, ते आधी सांगायला हवं. तिचा नवरा मनोतोष काविळीने गेला आणि वर्ष सरायच्या आत चुलते-मालते वाटण्या करायला बसले. घर ठरलं, शेत ठरलं, तळ्यावर गाडी अडली. थोरले काका म्हणाले, बाईमाणूस तळं घेऊन काय करणार, तिला काठावरची झाडं द्या, नारळ पडतील, आंबे पडतील, वेचून खाईल. सगळ्यांनी माना डोलावल्या. तेवढ्यात मनोतोषचा धाकटा भाऊ परितोष, तो तिच्याच वयाचा, दाराशी उकिडवा बसला होता, तो म्हणाला, "तळं बौदीला. झाडं मला." बौदी म्हणजे आमच्याकडे वहिनी. काकांनी त्याला वेड्यात काढलं. झाड वर्षातून एकदा देतं नि बाकीचे दिवस पाला पाडतं. तळं रोज देतं. पण परितोष हटवादी माणूस, एकदा बसला की बसला. तेव्हापासून पाणी तिचं आणि चारी काठांवरची झाडं त्याची, नारळ, ताड, सुपाऱ्या, उत्तरेचं बांबूचं बेट, आणि पश्चिमेचा तो थोरला शिरीष.

आता तळं दिलं म्हणून सांभाळता येतं असं नाही. कनकलता माहेरी शेतकऱ्याची पोर, तिला माशातलं काय कळणार. सगळं शिकवलं ते परितोषने. कोपरापर्यंत हात पाण्यात घालायचा नि तळवा दिसतोय का बघायचा. दिसेनासा झाला की पाण्याला खायला जास्त झालं, दोन दिवस पेंड बंद. मोहरीची पेंड नि भाताचा कोंडा भोकं पाडलेल्या पोत्यात घालून बांबूला टांगायचा, म्हणजे मासे हुंदडून हुंदडून खातात आणि नासाडी होत नाही. बांबूचे शेंडे काट्याकुट्यासकट पाण्यात रोवून ठेवायचे, चोराचं जाळं त्यात अडकून फाटलं पाहिजे. तळाचा चिखल मुठीत घेऊन हुंगायचा. ती नाक मुरडायची, तेव्हा हा हसायचा. "बौदी, तळं म्हणजे सासू. रोज तोंड बघावं लागतं, नाहीतर रुसते." ती म्हणायची, ठाकुरपो, सासूचा वास तरी बरा होता. धाकट्या दिराला आमच्या बायका ठाकुरपो म्हणतात, आणि दीर-भावजयीत थट्टा चालायचीच.

आणि एक रीत तिने आपणहून पाडली होती. जाळं ओढलं की पहिल्या कटल्याचं डोकं परितोषच्या घरी. त्याची बायको शेफाली त्या डोक्याची मूगडाळ घालून आमटी करायची आणि तो ओसरीवर मांडी ठोकून असा जेवायचा की बघणाऱ्याला भूक लागावी. कनकलता अंगणापलीकडे आपल्या चुलीशी बसलेली असायची. काय झालंय, मीठ बरोबर आहे का, डोळा खाल्लात का आधी, सगळं विचारून घ्यायची. तिची मासळी सुटली खरी, पण त्याच्या तोंडून ती जेवत होती, असं शेफालीच एकदा म्हणाली होती, आणि त्यात तिला काही वावगं वाटलं नव्हतं.

पुढे तिने टिकिटं सुरू केली. पावसाळा ओसरू लागला की दर रविवारी चुंचुड्याचे, श्रीरामपूरचे बाबू लोक गळ टाकायला येत. छत्र्या, चाकाचे गळ, डब्यात लाल मुंग्यांची अंडी, आणि पाण्यात टाकायला मोहाची फुलं, तूप, ताडी घालून आंबवलेला चारा. तो वास तळ्यावर दोन दिवस राहायचा. बाबू लोकांना सगळ्यांना पश्चिमेचाच काठ हवा, कारण दुपारी तिथे शिरीषाची सावली. त्या सावलीसाठी भांडणं व्हायची. कनकलता पहाटे उठून तिथले मचाण स्वतः बांधून घ्यायची नि कुठल्या बाबूला कुठे बसवायचं ते ठरवायची. गावात तिचा दरारा झाला. लेक बीथिकाचं लग्न तिने तळ्याच्या जिवावर आरामबागेत चांगल्या घरी लावून दिलं.

खटका उडाला तो शिरीषावरून. फाल्गुनात त्या झाडाचा पाला असा गळतो की पाणी दिसेनासं होतं, वरून शेंगा. पाला बुडतो, कुजतो, तळाशी काळा गाळ साचतो. परितोष म्हणाला, यंदा पाण्यावर वाकलेल्या फांद्या उतरवतो, आणि चैत्रात पाणी उपसून गाळ काढून घे. ती म्हणाली, यंदा नको ठाकुरपो, फांद्या काढल्या तर बाबू लोक बसणार कुठे, हंगाम होऊन जाऊ दे, मग बघू. तो दोनदा बोलला, तिसऱ्यांदा बोलला. तिने ऐकलं नाही. बाई आता जाणती झाली होती ना, आणि जाणत्या माणसाला शिकवलेलं आवडत नाही. झाड त्याचं होतं, त्याने सरळ कुऱ्हाड चालवली असती तर कोण अडवणार होतं? पण तिने नको म्हटलं म्हणून त्याने हात आवरला. नुसतं चहाच्या टपरीवर जाऊन चारचौघांत फणकारला, माझ्या झाडाची सावली चालते, माझं बोलणं चालत नाही, बघाल एक दिवस, तळ्यातला मासा न मासा पोट वर करील.

रागाचं बोलणं. घरच्या माणसाने घरच्या माणसासाठी केलेली काळजीच ती, फक्त शिवीच्या सुरात. पण टपरीवर बसणाऱ्यांना काय, त्यांनी ते शब्द जपून ठेवले.

भाद्रपद आला. वारा पडलेला, आभाळ खाली उतरलेलं, ऊन नाही, पाऊसही धड नाही. आदल्या रविवारी टिकिटं झाली होती, बाबूंनी टोपल्या भरभरून चारा ओतला होता. बीथिकाचे दिवस भरले होते म्हणून कनकलता आरामबागेला गेली. नातू झाला, तोंड बघितलं, आणि तिसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या बसने ती परत आली. बस फाट्यावर थांबली तेव्हाच कुणीतरी धावत आलं. तळ्यावर पोचली तर अर्धं गाव काठावर. पाण्यावर पांढरं पांढरं. तिचे कटले, तिचे रोहू, हाताने पेंड चारलेले मासे, तोंडं आ वासून पडलेले. काही अजून कडेला येऊन तोंड उघडत होते, मिटत होते.

आमच्याकडे एका रात्रीत तळं मेलं की एकच शब्द उठतो, विष. मासे मारणारी मोहाची पेंड कुणी टाकली, शेतावरचं औषध कुणी ओतलं. भाऊबंदकीत असली कामं होतात, नाही असं नाही. मोक्षदा पिशी, म्हणजे साऱ्या गावाची आत्या, पहाटे परसाकडे निघाली होती, तिने परितोषला पाण्यात उतरलेला पाहिला होता. कमरेइतक्या पाण्यात, हातात काहीतरी, आणि पाणी ढवळत होता म्हणे. टपरीवरचे शब्द लगेच बाहेर निघाले. पोट वर करील म्हणाला होता की नाही? म्हणाला होता. झालं. तो तिथेच उभा होता, ओल्या धोतराने, चिखलाने माखलेला, हातात केळीच्या खोडाचा सोपट. कुणाला काही सांगत नव्हता. तिची वाट बघत असावा.

आणि ती गर्दीतून पुढे झाली. लोकांनी तिच्या कानात ओतायचं ते ओतलं होतं. डोळ्यांसमोर तिचं सगळं मरून पडलेलं. आता यावर कोण काय बोलेल? पण ती जे बोलली ते बोलायला नको होतं.

"ठाकुरपो, काय टाकलंत पाण्यात?"

एवढंच. शिवी नाही, शाप नाही, नुसता प्रश्न. परितोषने तिच्याकडे बघितलं. हातातला सोपट खाली टाकला आणि लोकांनी वाट दिली तिकडून तो घराकडे निघून गेला. दुपारी शेफालीने ताट वाढलं, आदल्या दिवशीचा मासा होता. त्याने वाटी हाताने बाजूला सारली आणि म्हणाला, आजपासून मला नको. शेफालीला वाटलं, आजचा दिवस. तो आजचा दिवस कधी संपलाच नाही.

बंगाली माणूस, त्यातही परितोषसारखा कटल्याचं डोकं चोखून खाणारा माणूस, मासळी सोडतो म्हणजे काय, हे दुसऱ्याला सांगून कळायचं नाही. बायको जिवंत, पोरगा धडधाकट, आणि हा विधवेसारखा केळं नि डाळ जेवतोय. शेफालीने डोकं आपटून घेतलं, अवलक्षण म्हणून रडली. गाव म्हणालं, बघा, पापाचं प्रायश्चित्त घेतोय. अंगणाच्या अलीकडे कनकलताची निरामिष चूल आणि पलीकडे परितोषचं निरामिष ताट, मध्ये शब्द नाही. पुढच्या जाळ्याला तिने सवयीने डोकं वेगळं काढून ठेवलं होतं. संध्याकाळपर्यंत ते तसंच पडून राहिलं, मग मांजराने ओढून नेलं.

तळं तिने पुन्हा उभं केलं. माशांची नवी पोरं सोडली, गाळ काढून घेतला, टिकिटं चालू ठेवली. परितोषने त्याच वर्षी शिरीषाच्या पाण्यावरच्या फांद्या उतरवल्या, कुणाला न विचारता. आणि दर माघात, पाला गळायच्या आधी, तो माणूस लावून, स्वतः खाली उभा राहून, त्या झाडाची छाटणी करून घ्यायचा. पश्चिम काठ झाडून काढायचा, पाला पोत्यांत भरून आपल्या शेतात न्यायचा. पाण्याकडे बघायचाही नाही. कनकलता घाटावरून हे बघायची. आणि काय समजायची? हे सांगताना माझा जीव चरफडतो. ती समजायची की मनात खातंय म्हणून करतोय. गुन्हा केला नसता तर कशाला केलं असतं? तिच्या तळ्याला तो दरसाल जीवदान देत होता, आणि प्रत्येक छाटणी ती त्याच्याविरुद्धची साक्ष म्हणून मनात जमा करत होती.

त्याच्या मुलाचं, मिलनचं, लग्न ठरलं. आमच्यात हळदीच्या दिवशी वराकडून नवरीच्या घरी मोठा रोहू जातो, नवरीसारखा नटवून, नाकात नथ, अंगावर लाल साडीचा तुकडा, तोंडात पान. स्वतःचं तळं असलेल्या घराने तो मासा बाजारातून आणणं म्हणजे नाक कापून घेणंच. कनकलताने महिनाभर आधी एक देखणा रोहू हेरला, जाळं टाकणाऱ्या दुलाल बागकडून धरवला आणि घाटाजवळ जाळीत वेगळा ठेवला. कुणाला काही बोलली नाही. वाट बघत बसली की शेफाली तरी येईल मागायला. हळदीच्या सकाळी सायकल-व्हॅनवरून मासा आला, आरामबागेच्या बाजारातला, बर्फात ठेवलेला, आणि तिच्याच तळ्याच्या काठावरून वाजतगाजत गेला. दुलालने विचारलं, या जाळीतल्याचं काय करू? ती म्हणाली, सोडून दे. मग दिवसभर दार लावून बसली. लग्नाला ती गेली, आशीर्वाद दिला, परितोष पाया पडला. रीत म्हणून. वर बघितलं नाही.

वर्षं गेली. मिलन सुरतेला सोनारकामाला गेला, सुनेलाही घेऊन गेला. परितोषच्या छातीने दगा दिला. डॉक्टरांनी कष्ट बंद केले आणि तो ओसरीवरच्या खाटेवर आला. त्या माघात शिरीषाला कुणी हात लावला नाही. पुढच्याही माघात नाही. झाड सुटल्यासारखं वाढलं, फांद्या पुन्हा पाण्यावर वाकल्या. बाबू लोक खूश झाले, सावली आली. कनकलता आता साठीला टेकली होती. तिने बघितलं आणि मनाशी म्हणाली, बघू पुढे. माणसाची खोड जात नाही.

आणि पुन्हा तसाच भाद्रपद आला. तसंच आभाळ, तसा पडलेला वारा. कनकलताला उजाडता उजाडता जाग आली ती आवाजाने. चप चप चप, शंभर तोंडांचा आवाज. ती तशीच घाटाकडे धावली. पाण्यावर तोंडंच तोंडं. थोरले कटले सगळ्यात वर, ओठ बाहेर काढून हवा ओढतायत, दोन-तीन आधीच उलटे झालेले. तिने विचार केला नाही. लुगडं खोचलं, कडेला पडलेला केळीचा सोपट उचलला आणि कमरेइतक्या पाण्यात उतरून पाणी बडवायला, ढवळायला लागली. दुसरं काय करणार माणूस? पाणी हललं की हवा शिरते, एवढं तर तिला परितोषनेच शिकवलं होतं. हात भरून आले तरी ती बडवत होती. आणि बडवता बडवता तिचे हात थांबले.

तिच्या पायांशी बोटभर लांबीची पोरं झुंडीने पळत होती. ठणठणीत. विष असतं तर आधी ही मेली असती. हे तिला माहीत नव्हतं असं नाही. इतक्या वर्षांत ती तळं वाचायला शिकली होती, हे केव्हाच कळलं होतं. पण जे कळलं ते मागे नेऊन त्या एका सकाळीला लावून बघायचं तिने टाळलं होतं. कोण लावून बघतं? लावलं की आपलं आयुष्य उसवतं.

तिची हाक ऐकून दुलाल आला, जाळं ओढून त्यानेही पाणी ढवळलं. ऊन वर येईपर्यंत दोघं पाण्यात होती. निम्म्याहून जास्त मासे वाचले. दम खात घाटावर बसल्यावर तिने त्याला विचारलं, "दुलाल, त्या वेळी... लहान पोरं मेली होती का?"

दुलाल जाळं पिळत होता. "नाही. त्यांनाच तर मी दुसऱ्या दिवशी धरून तुमच्या लहान डबक्यात सोडलं. थोरलेच मेले होते. झाडाच्या गाळाने आणि बाबूंच्या चाऱ्याने. पाण्यात दम नव्हता."

"मग बोलला का नाहीस रे?"

"मला कुणी विचारलं? तुम्ही त्यांना विचारलंत."

दुलालच्या बोलण्यात टोमणा नव्हता. म्हणून ते जास्त लागलं. कनकलता ओल्या लुगड्याने बसून राहिली. तिला तो परितोष दिसत होता, ओल्या धोतरातला, हातात सोपट घेतलेला, अर्ध्या गावासमोर तिच्या येण्याकडे डोळे लावून उभा. रात्रभर एकटा पाणी बडवत होता तो, तिची सगळी कमाई वाचवायला. आणि ती येऊन काय बोलली.

अंगणातलं ते चार पावलांचं अंतर तिने त्या दिवशी ओलांडलं. परितोष खाटेवर उशीला टेकून बसला होता. वाळून गेला होता. ती खाटेच्या पायाशी जमिनीवर बसली, थोरली भावजय असून. त्याने घाईघाईने पाय वर घेतले. तिने सगळं सांगितलं, सकाळचं, पोरांचं, दुलालचं. मग म्हणाली, "माझ्या जिभेला किडे पडले असते तर बरं झालं असतं, ठाकुरपो. पण तुम्ही एका शब्दाने का सांगितलं नाहीत?"

परितोषने तळ्याकडे तोंड वळवलं. मग म्हणाला, "गावाने विष म्हटलं, त्याचं मला काही वाटलं नव्हतं बौदी. गाव काय, कुणालाही काही म्हणतं. मी म्हटलं, बौदी येईल नि या सगळ्यांना हाकलून लावील. तू आलीस आणि विचारलंस. तू विचारल्यावर सांगायला माझ्याकडे तोंड राहिलं नाही."

ती ओक्साबोक्शी रडली. तोही रडला. शेफाली चुलीशी उभी राहून पदराने डोळे पुसत होती. इतक्या वर्षांचा दगड असा उतरला, आणि आमच्यासारख्यांना वाटलं की झालं, शेवटी गोड झालं.

कनकलता उठली. दुलालला सांगून तिने सकाळी वाचलेल्यांतला एक कटला धरवला. शेफालीला म्हणाली, "आज तुझी चूल मला दे." शेफाली हादरली. विधवा बाई, मासा शिजवणार? कनकलताने ऐकलं नाही. पंचवीस-तीस वर्षांत तिने तळणीत मासा टाकला नव्हता, पण हात विसरले नव्हते. मोहरीचं तेल, काळं जिरं, हिरवी मिरची, पडवळ, पातळ रस्सा, आजारी माणसाला झेपेल असा. डोक्याची आमटी वेगळी. मग विहिरीवर आंघोळ करून, केस ओले तसेच ठेवून, तिने ताट आपल्या हाताने परितोषच्या पुढे मांडलं नि समोर बसली.

त्याने ताटाकडे बघितलं, तिच्याकडे बघितलं, आणि हसला. घास कालवला. तोंडात घातला. तिने विचारलं, मीठ बरोबर आहे ना? त्याने मान हलवली. पण घास गिळला जाईना. तोंडात इकडून तिकडे फिरवत राहिला. कपाळावर घाम आला, डोळ्यांत पाणी उभं राहिलं. कसाबसा उतरवला आणि दुसरा घेतला. तो घेता घेता एकदम उठला, भिंतीला धरत धरत मागच्या दारी गेला. ओकारीचा आवाज ओसरीवर आला. शेफाली पाण्याचा तांब्या घेऊन धावली. इतकी वर्षं शरीराला जे नको म्हणून सांगितलं, ते शरीराने ऐकलं होतं, आता उलट सांगितलं तर ऐकत नव्हतं.

तोंड धुऊन तो परत आला आणि पुन्हा ताटावर बसला. "राहू द्या ठाकुरपो," ती म्हणाली. तो म्हणाला, "मनात काही नाही गं बौदी. तुझी शपथ. सवय मोडली आहे एवढंच. उद्या परत कर. थोडं थोडं करून येईल."

दुसऱ्या दिवशी तिने परत केलं. त्याने नखाएवढा तुकडा भातात लपवून खाल्ला. छान झालंय म्हणाला. ती हरखून घरी गेली, नि त्या रात्री तिला शांत झोप लागली. तिसऱ्या दिवशीही तेच. ती बाजारातून ताजी कोथिंबीर घेऊन आली, रस्सा आणखी पातळ केला, मुलीला निरोप धाडला की तुझे काका माझ्या हातचं जेवायला लागले. गावातही दिसेल त्याला सांगत सुटली. मोक्षदा पिशी केव्हाच वर गेली होती, नाहीतर तिच्या दारात जाऊन सांगितलं असतं.

पुढल्या दुपारी ती वाटी पदराखाली झाकून अंगणातून निघाली, तर शेफाली उंबऱ्यातच उभी होती. आत जाऊ देईना. आवाज खाली ओढून म्हणाली, "दिदी, तुमच्या पाया पडते, आता आणू नका. तुम्ही गेलात की ते सगळं ओकतात. रात्र रात्र छाती धरून बसतात. मला शपथ घातलीय तुम्हाला सांगायचं नाही म्हणून. डॉक्टर म्हणाले, असं चाललं तर आठवडा काढणार नाहीत."

वाटी गरम होती, कनकलताचा हात भाजत होता.

आतून परितोषचा आवाज आला, धाप लागलेला, पण उत्साहाचा. "कोण गं? बौदी आली का? ताट मांड माझं."

शेफाली तिच्याकडे बघत राहिली. कनकलताने मानेनेच नाही म्हटलं.

"नाही आल्या," शेफाली आत वळून म्हणाली. "आज त्यांना बरं नाहीये. डाळ-भात वाढते तुम्हाला."

तो आतून म्हणाला, "बरं. उद्या येईल."

कनकलता वाटी तशीच पदराखाली धरून आपल्या घराकडे वळली.